वरच्या रेघेपर्यंत

आमच्या जुन्या पिकअपच्या मागच्या चाकातून ब्रेक ऑइल गळतंय, हे मी सासऱ्यांना सांगितलं तेव्हा ते हसले. मी चाकाच्या आतल्या बाजूचा ओला ओघळ दाखवला, तर म्हणाले, "चाळीस वर्षं गाडी चालवतोय मी. आता तू मला ब्रेक शिकव."

तेव्हापासून रोज सकाळी चहा झाला की ते बोनेट उघडायचे, ब्रेक ऑइलची छोटी टाकी बघायचे आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "वरच्या रेघेला टेकलंय. केसभर उतरलेलं नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला?" गॅरेजचं नाव काढलं की ठरलेलं उत्तर असायचं, "सुनेला भास होतात म्हणून चाकं खोलायची काय?" त्याच गाडीत माल भरून माझा नवरा रोज टेकडीचा उतार उतरायचा.

आज त्यांनी बोनेट उघडलं आणि वाकून पुन्हा पुन्हा बघितलं. ऑइल खालच्या रेघेच्याही खाली गेलं होतं.

"काल तर भरलेलं होतं."

"काल मी भरलं होतं, बाबा. दोन महिने झाले, रोज तुम्ही उठायच्या आधी मीच भरते." मी सीटमागे लपवलेल्या ऑइलच्या रिकाम्या बाटल्या काढून एकेक करून त्यांच्यासमोर ठेवल्या. "आता तरी गाडी गॅरेजला न्या."

सासऱ्यांनी बाटल्यांकडे बघितलं, टाकीकडे बघितलं. मग माझ्यावर डोळे वटारले.

"मग आज भरायला काय झालं होतं?"