पित्ताची पिशवी

ऑपरेशन थिएटरच्या दारातून नर्सने हाक मारली, “पंचफुला अम्मा के घरवाले कौन?” मी उठलो. बायको सुखरूप आहे ना, एवढंच विचारायचं होतं; मी तिच्या खांद्यावरून दारातून आत डोकावू लागलो. “कैको डरते अंकल? अम्मा अच्छे हैं. ये नीचे लॅब में देके आओ,” म्हणत तिने पारदर्शक डबी माझ्या हातात ठेवली. आत पंचफुलाची पित्ताची पिशवी होती, कोवळ्या वांग्याएवढी, हिरवट. शेजारी चमकणारे पिवळे खडे. डबी अजून कोमट होती. जन्मभर पुस्तकं वाचली, पण माणूस आतून इतका रंगीत असतो हे ठाऊक नव्हतं. दोन्ही हातांनी डबी धरून मी जिना उतरलो. संध्याकाळी पंचफुला शुद्धीवर आली. “पाहिलीत पिशवी? कशी होती?” “सुंदर,” मी म्हणालो. ती हसली, टाके दुखले म्हणून थांबली. “मला कधी म्हणाला नाहीत!” “पिशवी तुझीच ना?”