विसावा धडा

सहा वर्षांच्या रुंजीचं नेमकं कुठे चुकतंय, हे ग्रेस टीचरना कळेना. पियानोच्या पहिल्या पुस्तकातले एकोणीस धडे तिने भराभर वाजवले होते. शेवटचा, विसावा मात्र महिनाभर तिसऱ्या ओळीपाशी अडत होता. तिथे आली की ती हमखास भलतीच पट्टी दाबायची. टीचरनी ओळ सोपी करून पाहिली, गाऊन दाखवली. काही उपयोग झाला नाही.

त्या शनिवारी त्या पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेल्या, आणि बाहेरच्या खोलीतून अख्खा विसावा धडा ऐकू आला. एकही चूक नाही. त्या परतल्या तशी रुंजीने हात मांडीवर घेतले.

"येतंय की तुला."

"नाही येत."

"मग आत्ता कोण वाजवत होतं?"

ती पट्ट्यांकडे बघत पुटपुटली, "पुस्तक संपलं की क्लास बंद, असं आई म्हणालीये. मग बाबा मला कुठे भेटणार?"

वेगळे राहणारे तिचे बाबा दर शनिवारी तिला क्लासला आणायचे. तेवढीच त्यांची भेट. आत्ताही ते व्हरांड्यात बसले होते. तास संपल्यावर त्यांनी विचारलं, "जमलं का, टीचर?"

चाळीस वर्षांत टीचर कुठल्याच पालकाशी खोटं बोलल्या नव्हत्या.

"अजून नाही," त्या कशाबशा म्हणाल्या. "वेळ लागेल."

बाबांचा चेहरा उतरेल, असं त्यांना वाटलं.

"लागू दे," ते घाईने म्हणाले. "वर्ष लागलं तरी चालेल."