आईचं आजारपण

सोमवारी सकाळी आई दाराची चौकट धरून मटकन खाली बसली, तेव्हा धाकटी ड्यूटीला निघाली होती. पायात बूटही घालून झाले होते.

"काही नाही गं, जरा चक्कर आली," आई म्हणाली. "तू जा. उशीर होईल."

धाकटी तिच्याजवळ धावली. तिला आठवतं तेव्हापासून आई कधी आजारी पडलीच नव्हती. निवृत्त होईपर्यंत आईनं उभा जन्म हॉस्पिटलात नर्स म्हणून काढला. तिथं तिला सगळे थोरल्या सिस्टर म्हणत. पुढे लेकही त्याच वॉर्डात नर्स म्हणून लागली, तेव्हा लेकीला सगळे धाकटी म्हणू लागले आणि हे नाव घरीही चिकटलं.

धाकटीनं बी.पी. पाहिलं, नाडी पाहिली. सगळं ठीक होतं. पण नर्सला सगळे रोग तोंडपाठ. परक्यांना ती धीर देते आणि घरात कुणी शिंकलं तरी तिला सगळ्यात वाईट तेच सुचतं. डॉक्टरांकडे यायला आईनं साफ नकार दिला. नुसता अशक्तपणा आहे, थोडे दिवस कुणी जवळ बसलं की झालं, म्हणाली.

जवळ बसायला धाकटीला वेळ होताच कुठे? वॉर्डात माणसं कमी, ड्यूटीवर ड्यूटी. नुकतंच एका पेशंटचं इंजेक्शन तिनं शेजारच्याच्या दंडाशी नेलं होतं आणि ऐन वेळी हात आवरला होता. घरी येऊन आईला ते सांगताना तिला रडू फुटलं. आई म्हणाली, रजा माग. पण मेट्रनबाईंकडे रजा मागणं म्हणजे वाघाच्या तोंडातला घास मागणं. शिवाय 'दमले' म्हणायची त्या घरात रीतच नव्हती. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा ड्यूटीवर गेली.

आता मात्र इलाज नव्हता. वॉर्डातल्या मैत्रिणीकडे निरोप देऊन तिनं बूट काढले.

आणि मग ते दिवस इतके गोड गेले, की तिला स्वतःचीच लाज वाटायला लागली. आई पलंगावर, उशाशी धाकटी, पायथ्याशी धाकटीची लेक, छोटी. आई भारी खट पेशंट निघाली. चादर अशी खोचतात का, उशी अशी लावतात का, पडल्या पडल्या वॉर्ड चालवत होती.

गप्पा जुन्या दिवसांवर गेल्या. आई ड्यूटीवरून यायची तेव्हा तिच्या अंगाला औषधांचा वास असायचा. अंघोळ होईपर्यंत तिला शिवायचं नाही, ही सक्त ताकीद. मग धाकटी न्हाणीघराच्या दाराला पाठ लावून बसायची आणि शाळेतलं सगळं आत ओरडून सांगायची.

"पाण्याच्या आवाजात मला त्यातलं अर्धं ऐकूच यायचं नाही," आईनं कबूल केलं.

"मग आतून हो हो काय म्हणायचीस?"

दोघी पोट धरून हसल्या. छोटीनं मान वर केली.

"मी पण बसते तिथंच," ती म्हणाली. "पण मम्मा आतून हो पण म्हणत नाही."

धाकटीला गलबलून आलं. तिनं छोटीला ओढून कुशीत घेतलं आणि त्या दुपारी तिघी एकाच पलंगावर दाटीवाटीनं झोपल्या. मध्येच जाग आली की धाकटी आईच्या छातीकडे बघायची. श्वास चालू आहे ना? सुख आता कुठे हाती लागलं होतं आणि ते शेवटचं असेल, या भीतीनं तिचा जीव अर्धा होत होता.

गुरुवारी तिनं मनाशी ठरवलं. नोकरी गेली तरी बेहत्तर, आईला सोडून जायचं नाही. गॅलरीत जाऊन तिनं मेट्रनबाईंना फोन लावला. न विचारता घरी राहिले, चुकलं, पण आईला बरं नाही, मला अजून रजा हवी, असं एका दमात बोलून टाकलं.

"अगं, रविवारपर्यंतची रजा केव्हाच मंजूर केलीय," मेट्रनबाई म्हणाल्या. "मागच्याच आठवड्यात थोरल्या सिस्टर स्वतः येऊन सांगून गेल्या ना, की येत्या सोमवारी त्या आजारी पडणार आहेत म्हणून."