दिवसाला दोन कप

सन अठ्ठावन्नच्या भाद्रपदात माले गावच्या धुळा धनगराला घोणस चावली आणि विषानं त्याची मूत्रपिंडं बंद पडली. पुण्याच्या इस्पितळात डॉक्टरांनी बायकोला बजावलं, “लघवी सुटेपर्यंत दिवसाला दोनच कप पाणी. जास्त दिलंत तर छातीत भरेल.” अकरा दिवस बयाबाईनं तेवढंच दिलं. “घोटभर दे की गं, वैरिणी,” तो साऱ्या वॉर्डासमोर रडायचा. ती भिंतीकडं बघत राहायची. बाराव्या दिवशी लघवी सुटली आणि धुळा वाचला. आता हवं तेवढं पाणी प्यायची मुभा होती. घरी पोचताच तिनं भरलेला तांब्या पुढं धरला. त्यानं तोंड फिरवलं. “अरं मुडद्या, तिनंच जगवलंय तुला!” आई ओरडली. “जगवलं, व्हय. पर खाटंवरनं उतरून मी पाया पडलो हुतो हिच्या,” म्हणत तो ओढ्यावर गेला आणि मेंढरांशेजारी ओणवा होऊन पाणी प्यायला.