पत्ता लागला

“सापडला!” वकीलबाई फोनवर एवढ्या मोठ्याने म्हणाल्या, की शेजारच्या मशीनवरच्या बाईनेही मान वर केली.

तिने कॉलर शिवायची थांबवली. नवऱ्याचं नाव तिने आणि वकीलबाईंनी ‘पारा’ ठेवलं होतं. हातात आला म्हणेपर्यंत निसटायचा. कोर्टाने मुलीची पोटगी ठरवली तेव्हा मुलगी रांगत होती. आता ती चौथीत होती आणि त्याने एक दमडी दिली नव्हती. पगारातून पैसे कापायचा हुकूम मालकाकडे पोचला, की दुसऱ्या दिवशी हा नोकरी सोडून पसार. पण तिनेही पिच्छा सोडला नव्हता. मुलगी दोघांची, मग बूट, दप्तर, दातांचा डॉक्टर एकटीनेच का बघायचं?

“माणसं पुरवणारा एक ठेकेदार आहे, त्याच्याकडे लागलाय,” वकीलबाई म्हणाल्या. “कामाला नेमका कुठे जातो, ते काढू का?”

“कुठे का झक मारेना! पगार तिथून निघतो ना? हुकूम धाडा तुम्ही.”

त्या संध्याकाळी ती खुशीत होती. मुलगीही होती. तांब्याभर पाणी डोक्यावरून घ्यायचं तर घर डोक्यावर घेणारी ही पोर, शाळेच्या तलावात पोहायला शिकत होती. “आज सरांनी पाठीखालचा हात काढला, आई! आणि मी बुडालेच नाही!” मग जेवण गार होईपर्यंत सरांचंच पारायण चाललं. सर ओरडत नाहीत. सर आपल्याला सगळ्यांत शेवटी पाण्याबाहेर काढतात.

“भलं होवो बाई तुझ्या सरांचं,” ती म्हणाली, आणि मनापासून म्हणाली.

पुढच्या आठवड्यात वकीलबाईंचा पुन्हा फोन आला. हुकूम पोचला होता आणि पारा निसटला होता. शिव्या घालतच ती घरी आली. मुलगी दाराशी बसली होती. केस कोरडे होते.

“आज पोहणं नाही?”

“सर काम सोडून गेले.”

“असे कसे गेले? परवापर्यंत तर…” ती बोलता बोलता थांबली. शाळेच्या तलावावर ठेकेदाराची माणसं असतात, हे तिला तेव्हा आठवलं. ती मुलीशेजारी खाली बसली.

“तुला माहीत होतं?”

“पहिल्याच दिवशी ओळखलं. कपाटातल्या फोटोत आहेत ना.”

“मला सांगू नको म्हणाला असेल.”

“नाही. माझं मीच नाही सांगितलं.”

त्याचा संताप आला, तो तर येणारच. पोटच्या पोरीचा हात धरून पाण्यात उतरला, आणि एका कागदाला भिऊन पळाला. पण वाईट वाटलं ते स्वतःचंच. वकीलबाई विचारत होत्या, कुठे जातो ते काढू का. कळलं असतं, तर हुकूम धाडला नसता का?

“मी सोडणार नाही त्याला,” ती म्हणाली. “तुझ्या हक्काचे पैसे आहेत ते.” आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

“माहीत आहे,” मुलगी म्हणाली. आईची समजूत घालावी तसा तिने तिचा हात धरला. “फक्त पुढच्या वेळी बाबा सापडले ना, की आधी मला सांग. मग एक दिवस थांबून हुकूम पाठव.”