काट्यावरचा अंगठा

"रीताम्हा! ठागअं…" खाटीक सिरिल टॅप्ली ओरडला आणि पुढचा शब्द सत्तुराच्या घावाखाली गेला. काट्यामागे उभ्या असलेल्या मेहुण्यानं, वॉलीनं, मान डोलावली. रांगेत सगळ्यांत पुढे असलेल्या एडना प्रूएटला नेहमीप्रमाणे ओ की ठो कळलं नाही.

लंडनच्या डेप्टफर्डमधल्या खाटकांची ही बोली ऐकून एडनाचं डोकं उठलं होतं. वास्तविक ती या बाबतीत कच्ची नव्हती. तिचा नवरा बर्ट हयातभर भाजीची हातगाडी लावायचा. 'स्टेअर्स'ला 'ॲपल्स अँड पेअर्स' म्हणायचं आणि मग यमकाचा 'पेअर्स'च गाळून नुसतं 'ॲपल्स' चढून वर जायचं, हे सगळं तिला तोंडपाठ. पण खाटकांनी मात्र गिऱ्हाइकांसमोर बोलायला आपली वेगळीच चूल मांडली होती. ती कुठून आली, असं तिनं चार जणांना विचारलं. एक म्हणाला तुरुंगातून, दुसरा म्हणाला बाजारात पोलिसाला चकवायला. पाद्रीबाबांनी तर हे विचारणंच पाप ठरवलं.

बर्ट गेल्यापासून आपण दुकानात शिरलो की ही आरोळी होते, एवढं तिच्या लक्षात आलं होतं. आणि आरोळी झाली की वॉलीचा अंगठा काट्याच्या ताटलीशी घुटमळतो, हेही.

"लुबाडतायत मेले," ती शेजारच्या क्वीनीला म्हणाली. "एकटी बाई बघितली ना!"

"मग जातेस कशाला तिथं?" क्वीनीनं विचारलं.

"मटण बरं असतं गं. अर्ध्या पौंडाचा रस्सा माझ्या हातचा दोन दिवस पुरतो."

मंगळवारी ती चहाच्या दुकानात खिडकीशी बसली होती. काचेवर रंगवलेली मालकाच्या नावाची पाटी आतून उलटी दिसत होती. चाळा म्हणून ती शेवटाकडून एकेक अक्षर लावत गेली आणि कप ओठांपाशीच थांबला. रीताम्हा. म्हातारी! ठागअं. अंगठा! एवढी सोपी गोष्ट आणि आपण तीन वर्षं डोकं खाजवत होतो. तिला इतका आनंद झाला की दुकानात कुणाला तरी मिठी मारावी. मग अर्थ ध्यानात आला आणि आनंदाची जागा रागानं घेतली. म्हातारी, अंगठा. म्हणजे अंगठा ठेव आणि म्हातारीला बुडव. स्वच्छ कबुलीच होती की ही!

शनिवारी तिनं चांगली टोपी घातली. रांग दारापर्यंत गेली होती, ते तिला हवंच होतं. एकदा सगळ्या गल्लीसमोर चोरी उघडी पडली की टॅप्लीच्या दारात कुत्रंही फिरकणार नव्हतं.

"काय डार्लिंग, मानेचंच ना?" सिरिल म्हणाला. त्यानं तुकडा वॉलीकडे सरकवला आणि सत्तूर उचलला. "रीताम्हा! ठागअं…"

"हात थांबव," एडना म्हणाली. "सत्तूर खाली ठेव आणि ते पुन्हा बोल. सगळं. मला येते तुमची बोली. मागून पुढे लावायची, एवढंच."

सिरिल कानापर्यंत लाल झाला. "जाऊ दे ना, एडना. कशाला उगाच?"

"लाज वाटते? बोल, सगळ्यांना ऐकू दे."

रांगेतल्या माना पुढे झाल्या. सिरिलनं वॉलीकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "रीताम्हा," तो पुटपुटला. "ठागअं. नलूखा."

नलूखा. एडनानं अक्षरं मनात फिरवली. खालून.

तिनं ताटलीकडे पाहिलं. वॉलीचा अंगठा ताटलीवर नव्हताच. तो खालून ताटलीला टेकू देत होता आणि काटा अर्ध्या पौंडावर थांबला होता. वर मटण चांगलं पाऊण पौंड तरी होतं.

एडनाला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. तीन वर्षं ती यांचं मीठ खात होती आणि यांनाच चोर म्हणत होती.

"काय म्हणाला तो?" मागून कुणीतरी विचारलं. "अंगठा ठेवतात का गं काट्यावर?"

खरं सांगावं तर गल्लीत आपण दयेवर जगणारी ठरणार. गप्प बसावं तर या दोघांचा धंदा बसणार. वॉलीनं भीत भीत अंगठा काढून घेतला होता.

"चूक माझी झाली," एडना मोठ्यानं म्हणाली. "मी भलतंच ऐकलं. टॅप्लीकडचं वजन चोख आहे, माझा शब्द घ्या."

रांगेतून कुणीतरी हसलं आणि कुजबुज सुरू झाली. सिरिलनं पुडी बांधून दिली, पण तिच्याकडे बघायचं त्याचं धाडस होईना.

एडनाच्या मागे मिसेस डॉबी उभी होती. एक पोर कडेवर, दुसरं पदराला लागावं तसं कोटाला लटकलेलं, नवरा गोदीच्या संपात घरी. तिची नजर सगळ्यांत छोट्या तुकड्यावर होती.

पुडी घेऊन एडना निघाली, थांबली आणि काट्यावरून वॉलीकडे वाकली.

"चीगमा," ती डोळ्यांनीच मागे खुणावत म्हणाली. "नलूखा."