हात वर

औंधजवळच्या एका गावात जुन्या युद्धावरच्या सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. पंतप्रधानांचं काम करणारा नट पारावर उभा राहून म्हणाला, "देशाला तुमची मुलं हवी आहेत." समोर बसवलेल्या गावकऱ्यांनी लगेच हात वर केले.

"कट!" दिग्दर्शक वैतागला. "अहो, अजून दोन पानांचं भाषण बाकी आहे. ते संपेपर्यंत हात खालीच ठेवायचे."

तिसऱ्यांदाही तेच झालं. पुढे बसलेल्या शालूबाईंचा हात तर सगळ्यांच्या आधी वर गेला.

दिग्दर्शक त्यांच्यापाशी येऊन बसला. "आजी, तुम्ही आधी घाबरायचं. घरचं पोर लढाईवर कसं धाडू, असं वाटलं पाहिजे. मग पंतप्रधान समजावतात. त्यासाठीच तर भाषण आहे."

"वाटतंय की. का वाटायचं न्हाई?" शालूबाईंनी पदर सावरला. "पर परवा आमच्या नातवाची सुट्टी रद्द झाली, तवा पलटणीतनं नुसता फोन आला. भाकरी बांधून दिली आन् साताऱ्याला नेऊन गाडीत बसवला. भाषन कुनी केलंच न्हाई."